पिवळी ज्योत, काळी भांडी आणि मोठा बर्नर बसवायचा विचार

पत्र: आमची चार बर्नरची गॅस रेंज बरीच जुनी आहे. पुढचा मोठा बर्नर पूर्वीसारखी आच देत नाही, ज्योतीची टोकं पिवळी दिसतात, भांड्यांची बुडं काळी होतात. मागचा छोटा बर्नर अगदी बारीक केला की विझतो, कधी बंद करताना 'फट्' असा आवाज येतो. शिवाय त्याच छोट्या बर्नरचा नॉब पेटवल्यावर अर्धा मिनिट तरी दाबून धरावा लागतो, नाहीतर लगेच विझतो. मिस्टर म्हणतात ऑनलाइन जास्त पॉवरचा बर्नर मिळतो तो मागवून बसवू. ओळखीचे एकजण म्हणाले नवीन कशाला, जेटचं भोक थोडं मोठं करून देतो, आच वाढेल. काय करावं? – एक वाचक

उत्तर:

ताई, आधी जेटचं बोलते, कारण बाकी सगळं निवांत करता येईल पण ते काम कोणीतरी एखाद्या दुपारी येऊन पाच मिनिटांत करून जाईल अशी मला काळजी वाटतेय. जेट म्हणजे बर्नरच्या खालची बारीक भोकाची तोटी, जिच्यातून गॅस बाहेर येतो. त्या भोकाला कोणालाही हात लावू देऊ नका. ड्रिल नाही, सुई नाही, टाचणी नाही, काही नाही. ते भोक अंदाजे पाडलेलं नसतं, बऱ्याच जेटवर बारीक अक्षरात आकडा कोरलेला असतो, उदाहरणार्थ ७५ लिहिलं असेल तर ०.७५ मिलिमीटर. आणि गॅस किती येणार हे भोकाच्या क्षेत्रफळावर ठरतं, म्हणजे भोक १० टक्के रुंद केलं तर गॅस २१ टक्के जास्त येतो, २० टक्के रुंद केलं तर ४४ टक्के जास्त. हाताने भोक मोठं करताना ०.७५ चं ०.९० कधी झालं ते करणाऱ्याला कळतसुद्धा नाही, आणि ते झालं की गॅस जवळजवळ दीडपट.

आता तुम्ही म्हणाल गॅस जास्त आला तर चांगलंच ना, आच वाढेल. इथेच खरी गोम आहे. तुमची ज्योत पिवळी आहे, म्हणजे त्या बर्नरला गॅस कमी पडत नाहीये, हवा कमी पडतेय. आधीच हवा कमी आणि त्यात गॅस वाढवला तर ज्योत आणखी पिवळी, आणखी लांब, आणखी काजळी, आणि सोबत कार्बन मोनॉक्साइड, ज्याला ना रंग ना वास. म्हणून त्या ओळखीच्या गृहस्थांना नम्रपणे नाही म्हणा, अगदी नातं जवळचं असलं तरी.

हे नीट समजायला बर्नर आतून काय करतो ते एकदा बघा, मग पुढचं सगळं तुमचं तुम्हालाच सुचेल. जेटमधून गॅस बारीक धारेने जोरात बाहेर पडतो आणि तो जोर आजूबाजूची हवा आपल्यासोबत नळीत ओढून घेतो. नळीत दोन्ही मिसळतात, मग बर्नरच्या डोक्याच्या छिद्रांमधून बाहेर येऊन जळतात, आणि जळायला लागणारी उरलेली हवा ज्योतीला बाहेरून मिळते. १८५५ च्या सुमारास जर्मनीत हायडेलबर्गला रसायनशास्त्रज्ञ बुन्सेनच्या प्रयोगशाळेत जो बर्नर तयार झाला तो याच तत्त्वावर होता आणि आपली आजची रेंज कितीही चकचकीत असली तरी काम तेच करते. हवा किती लागते बघा, नैसर्गिक गॅस म्हणजे मिथेन एक भाग जाळायला साधारण दहा भाग हवा, प्रोपेनला साधारण २४ भाग, ब्युटेनला ३१. सिलिंडरमधला गॅस हा प्रोपेन-ब्युटेनचाच असतो. म्हणजे बर्नर हे खरं तर हवेचं यंत्र आहे, त्यात थोडासा गॅस असतो. जेटचं भोक, नळीचा गळा, डोक्यावरची छिद्रं, भांडं ठेवायच्या जाळीची उंची आणि गॅसचा दाब हे सगळं एकमेकांच्या मापाने केलेलं असतं. त्यातलं एकच बदललं की बाकीच्यांचा हिशेब चुकतो. जेट मोठा केला आणि गळा तेवढाच राहिला तर गॅसच्या मानाने ओढली जाणारी हवा कमी पडते. मोठा बर्नर मागवायच्या बेताबद्दलही माझं म्हणणं हेच आहे, त्याकडे नंतर येते.

आधी पुढचा मोठा बर्नर. दोन प्रश्नांची उत्तरं शोधा. हे हळूहळू झालं की एकदम? आणि एकाच बर्नरचं झालंय की चारही बर्नरचं? हळूहळू आणि एकाच बर्नरचं असेल तर दहातल्या नऊ वेळा घाण असते, तेलकट थर, उतू गेलेल्याचा जळका कचरा, कधी नळीत कोळ्याचं जाळं (हे खरंच होतं, विशेषतः रेंज काही दिवस बंद असली की). चारही बर्नर एकदम बिघडले असतील तर बर्नर साफ करून काही होणार नाही, तिथे दाबाचा प्रश्न आहे, रेग्युलेटर, पाइप, अर्धवट बंद राहिलेला व्हॉल्व्ह, किंवा सिलिंडर संपत आलाय. थंडीत सिलिंडरमधला गॅस नीट वाफ होत नाही त्यामुळेही सगळ्यांची आच कमी येते. तुमच्या पत्रावरून मला पहिला प्रकार वाटतोय.

आणखी एक, पिवळं आणि नारिंगी यात गल्लत करू नका. निळ्या ज्योतीत मधूनच नारिंगी ठिणग्या चमकून जात असतील तर ती धूळ असते किंवा मिठाचे कण, घर झाडल्यावर किंवा मिठाचं पाणी उतू गेल्यावर हमखास दिसतं आणि आपोआप जातं. पण ज्योतीची टोकं सतत पिवळी, मऊ, लोळणारी दिसत असतील आणि भांड्याला काळं लागत असेल तर ती जळायची राहिलेली काजळी आहे. तुमच्याकडे हा दुसरा प्रकार आहे, त्यामुळे हे सगळं होईपर्यंत तो बर्नर शक्यतो वापरू नका, वापरलात तर खिडकी उघडी आणि वरचा पंखा किंवा चिमणी चालू.

बर्नरभोवती चकचकीत राहावं म्हणून अॅल्युमिनियमची फॉइल घालता का? बरेच जण घालतात. असेल तर आजच काढा. काही रेंजमध्ये हवा वरूनच, बर्नरच्या कडेच्या फटीतून आत जाते आणि फॉइलने नेमकी तीच वाट बंद होते. कित्येकदा एवढ्यानेच पिवळेपणा जातो.

साफ करण्याआधी एक काम करा, दोन लिटर पाणी एका भांड्यात घ्या, झाकण ठेवा, त्याच बर्नरवर फुल आचेवर उकळायला किती वेळ लागतो तो लिहून ठेवा. साफ केल्यावर तेच भांडं, तेवढंच पाणी, परत मोजा. नाहीतर "आता जरा बरं वाटतंय" असं होतं आणि नक्की काय फरक पडला ते कळत नाही.

आता सफाई. रेंज पूर्ण थंड हवी, गॅस मागून बंद, आणि लाइटवर चालणारं इग्निशन असेल तर प्लगही काढा. काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण टोपी आणि डोकं कुठल्या दिशेने बसतं हे नंतर आठवत नाही, आणि चार बर्नरचे भाग एकमेकांत मिसळू देऊ नका, सारखे दिसले तरी मापं वेगळी असतात. जाळी काढा, वरची टोपी उचला, खालचं छिद्रांचं डोकं उचला. जेट उघडा पडला की त्याच्यावर कापडाचा छोटा तुकडा टाका म्हणजे पाणी, साबण, कचरा आत जाणार नाही. परत जोडताना तो तुकडा काढायला विसरू नका, हे मुद्दाम सांगतेय.

डोकं आणि टोपी गरम पाण्यात भांडी घासायचा साधा साबण घालून अर्धा-पाऊण तास भिजू द्या, मग जुन्या टूथब्रशने घासा. छिद्रं एकेक करून मोकळी करायची, पण छिद्रापेक्षा बारीक तारेने, ढिली आत-बाहेर होईल अशी, जोर लावून फिरवायची नाही. लाकडी काडी वापरू नका, तिचं टोक मोडून आत अडकतं आणि मग ते जळून तिथेच कोळसा होऊन बसतं. छिद्र जोराने कोरून मोठं झालं तर नवीन दुखणं सुरू होतं, त्यातून मिश्रण सावकाश बाहेर येतं आणि ज्योत आत शिरते, 'फट्' आवाज त्याचाच. डोक्याला खाली नळी जोडलेली असेल तर बाटली धुवायच्या ब्रशने ती आतूनही साफ करा, खरा कचरा तिथेच असतो आणि बरेच जण फक्त वरचं घासून थांबतात.

धातू बघून साबण निवडा. हलकं, राखाडी, अॅल्युमिनियमचं डोकं असेल तर कॉस्टिक सोडा असलेले ओव्हन क्लीनर आणि डिशवॉशर दोन्ही नको, काळं पडतं आणि पृष्ठभाग खाल्ला जातो. पितळेचं असेल तर व्हिनेगर पाण्यात घालून दहा मिनिटं चालेल, पण रात्रभर नको, आम्लात पितळेतलं जस्त निघून जातं आणि पितळ गुलाबीसर दिसायला लागतं, ती चमक नसते ती झीज असते. बिडाचं असेल तर धुतल्यावर लगेच पुसून वाळवायचं नाहीतर गंज. टोपीवर काळं इनॅमल असेल तर तारेच्या घासणीने ते निघून येतं, त्यापेक्षा परत एकदा भिजवा.

मग वाळवणं, आणि इथेच लोक घाई करतात. छिद्रांत पाणी राहिलं की ज्योत एका बाजूला उंच आणि एका बाजूला नाहीच असं होतं आणि वाटतं आपण काहीतरी बिघडवलं. उलटं करून ठेवा, झटका, शक्य असेल तर रात्रभर राहू द्या. ठिणगी पाडणारी पांढरी कांडी फक्त कोरड्या कापडाने पुसायची, ती ओली राहिली किंवा नॉबखाली पाणी गेलं तर टिकटिक थांबतच नाही. तसं झालं तर घाबरू नका, एक-दोन दिवस वाळू द्या, बहुतेक वेळा थांबतं.

जेटमध्येच कचरा असेल तर? फुंकणीच्या किंवा हवेच्या हातपंपाच्या हवेने वरून साफ करायचा प्रयत्न करून बघा. तेवढ्याने नाही झालं तर जेट पान्याने खोलून बाहेर काढून, थोडा वेळ साबणपाण्यात ठेवून, मग हवेनेच उलट्या बाजूने फुंकून साफ करतात. हे तुम्हाला सवयीचं नसेल तर मेकॅनिककडून करून घ्या, कारण जेट परत आवळल्यावर साबणपाण्याने गळती तपासावी लागते. साबणपाण्याचा फेस लावायचा, गॅस चालू करायचा, बुडबुडे फुगले तर गळती. काडी पेटवून तपासायची नाही, कधीच नाही. आणि जुनी रबरी नळी असेल तर तिच्यावरची तारीख त्याच वेळी बघा, कडक झाली असेल, वाकवल्यावर चिरा दिसत असतील तर तारखेची वाट न बघता बदला.

सगळं परत बसवताना टोपी बोटाने हलवून बघा, ती सपाट बसली पाहिजे, डगडगायला नको. टोपी अर्धा मिलिमीटर जरी तिरकी बसली तरी एका बाजूने ज्योत पिवळी, एका बाजूने उडालेली. माझ्याकडे अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांना मी सगळ्यात आधी टोपी काढून परत बसवायला सांगते.

एवढं करूनही पिवळेपणा राहिला तर हवेची पट्टी बघायची. काही रेंजमध्ये नळीच्या तोंडाशी एक फिरणारी पट्टी असते, कधी घासताना ती सरकते. बर्नर पाच-दहा मिनिटं पेटवून गरम झाल्यावर ती थोडी थोडी उघडायची, पिवळी टोकं जाईपर्यंत. खूप उघडली तर ज्योत छिद्रावरून उचलली जाते, आवाज करते, फडफडते, मग थोडी मिटायची. आतला निळा शंकू स्पष्ट, बाहेरची ज्योत फिकट निळी आणि शांत, एवढं झालं की हात काढून घ्यायचा. बऱ्याच नव्या रेंजमध्ये ही पट्टी नसतेच, तिथे शोधत बसू नका.

आता छोटा बर्नर. बारीक केल्यावर विझतो याची कारणं दोन-तीन असतात. छिद्रं बुजलेली किंवा टोपी तिरकी, ते वरच्यासारखंच. खिडकीचा किंवा पंख्याचा झोत थेट लागतोय का तेही बघा. आणि हे सगळं ठीक असेल तर व्हॉल्व्हमध्ये बारीक आचेचा एक छोटा स्क्रू असतो, नॉब काढल्यावर दांड्याच्या शेजारी किंवा दांड्याच्या आत दिसतो, त्यावर ठरतं की सगळ्यात कमी आचेला किती गॅस येणार. तो मेकॅनिकने अगदी थोडा थोडा फिरवून जमवायचा असतो. जमला की नाही याची परीक्षा सोपी आहे, फुलवरून झटकन बारीक करा आणि ओव्हन असेल तर त्याचं दार उघड-बंद करा, ज्योत टिकली पाहिजे. नॉब घट्ट फिरत असेल म्हणून त्यात तेल सोडायचं नाही हेही सांगून ठेवते, आत खास उष्णता सोसणारं ग्रीस असतं, तेलाने ते पातळ होऊन निघून जातं आणि गॅस झिरपायला लागतो.

'फट्' आवाजाचं असं आहे की मिश्रण छिद्रातून ज्या वेगाने बाहेर येतं तो वेग ज्योतीच्या पसरण्याच्या वेगापेक्षा जास्त असला पाहिजे. स्थिर मिश्रणात मिथेनची ज्योत सेकंदाला ४० सेंटिमीटरच्या आसपास सरकते, प्रोपेनची त्याहून थोडी जास्त. गॅस बंद करताना बाहेरचा वेग क्षणभर त्याखाली येतो आणि ज्योत मागे आत शिरते. अधूनमधून बारीकसा आवाज आला तर चालतं, पण रोज येत असेल, किंवा चालू असताना ज्योत आत जाऊन फुरफुर आवाज येत असेल तर लगेच बंद करायचं आणि डोकं बघायचं, छिद्रं झिजून मोठी झालीत का, कुठे तडा गेलाय का. तसं असेल तर त्या डोक्याला सफाईचा उपयोग नाही, तेच मॉडेल नंबर सांगून कंपनीचं नवीन घ्या. हा खर्च करण्यासारखा आहे.

नॉब दाबून धरावा लागतो ते वेगळंच प्रकरण आहे आणि त्याचा बर्नरच्या आचेशी संबंध नाही. ज्योतीला लागून एक बारीक धातूची कांडी असते, तिला थर्मोकपल म्हणतात. ती तापली की २०-३० मिलिव्होल्ट एवढीच वीज तयार होते आणि त्या एवढ्याशा विजेवर आतला एक चुंबकी व्हॉल्व्ह उघडा राहतो. ज्योत वाऱ्याने विझली की कांडी थंड होते, वीज जाते, व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो आणि घरात गॅस भरत नाही. चांगल्या अवस्थेत तीन ते पाच सेकंद दाबलं की पुरतं. अर्धा मिनिट लागतोय म्हणजे टोक काजळीने माखलंय, किंवा कांडी वाकून ज्योतीबाहेर गेलीय, किंवा खालचा नट ढिला झालाय, नाहीतर ती थकलीय. टोक अगदी बारीक पॉलिश पेपरने हलकेच पुसा, ज्योतीत नीट बसतंय ना बघा. फरक नाही पडला तर कांडी बदलायची, छोटा पार्ट आहे. पण कोणी म्हणालं की "ते काढून टाकतो, मग दाबायची कटकटच नाही", तर त्या माणसाला परत बोलवू नका. ती कांडी जीव वाचवण्यासाठी तिथे बसवलेली आहे.

आता मिस्टरांचा मोठा बर्नर. त्यांची इच्छा चुकीची नाहीये, मोठं भांडं ठेवलं की जास्त आच हवीशी वाटतेच. पण आकडे बघा. घरगुती रेंजवर छोटा बर्नर १ किलोवॉटच्या आसपास असतो, मधला पावणेदोन, मोठा ३, आणि दोन-तीन गोल ज्योतींचा खास मोठा साडेतीन ते पाच. (वर्णनात बीटीयू लिहिलं असेल तर १ किलोवॉट म्हणजे ताशी ३४१२ बीटीयू, दहा हजार बीटीयू म्हणजे साधारण ३ किलोवॉट.) दोन लिटर पाणी २५ अंशांवरून उकळायला ६२८ किलोजूल उष्णता पाण्यात जावी लागते. ३ किलोवॉटचा बर्नर, त्यातली ५५ टक्के उष्णता भांड्यात जाते असं धरलं तर सव्वासहा-साडेसहा मिनिटं. त्याच बर्नरचा जेट अर्धवट बुजून तो २ किलोवॉटवर आला असेल तर साडेनऊ. आणि ५ किलोवॉटचा बसवला, त्याची ज्योत थोडी बाहेर जाते म्हणून ५० टक्के धरले, तर सव्वाचार. म्हणजे नुसत्या सफाईने तीन मिनिटं वाचू शकतात आणि त्यावर इतका खटाटोप करून मोठा बर्नर बसवून दोन. म्हणून म्हणते, आधी पाण्याची चाचणी करा, मग ठरवा.

आणि खटाटोप कसला ते सांगते. नुसतं मोठं डोकं मागवून जुन्या जेटवर ठेवलं तर गॅस तेवढाच येणार, कारण गॅस जेट ठरवतो. आच वाढणारच नाही, उलट मोठ्या डोक्याच्या जास्त छिद्रांमधून मिश्रण मंदावून बाहेर येईल आणि ज्योत आत शिरायची भीती. म्हणजे जेटही बदलायला हवा. जेट बदलला की व्हॉल्व्ह तेवढा गॅस सोडू शकतो का हा प्रश्न. मग रेग्युलेटर आणि पाइप चारही बर्नर एकदम चालू असताना पुरतात का, नाहीतर मोठा लावला की बाकीचे बसतात. गॅस किती लागतो बघा, सिलिंडरच्या गॅसमध्ये किलोला साधारण १२.८ किलोवॉट-तास ऊर्जा असते, म्हणजे ३ किलोवॉटचा बर्नर तासाला २३५ ग्रॅम खातो आणि ५ किलोवॉटचा ३९० ग्रॅम. मग जाळीची उंची. ज्योत लांब झाली आणि भांडं तेवढ्याच उंचीवर राहिलं तर ज्योत थंड बुडावर आपटून अर्धवट जळते आणि परत कार्बन मोनॉक्साइड. शेजारचा बर्नर, नॉब, वरची काच किंवा पत्रा, भिंत, वरची चिमणी यांना किती उष्णता सोसेल हे त्या रेंजच्या मापाने ठरलेलं असतं. एवढं सगळं जुळून आलेलं पॅकेट ऑनलाइन नुसत्या "युनिव्हर्सल" बर्नरमध्ये मिळत नाही.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे. तुमच्या रेंजच्या कंपनीनेच त्याच मॉडेलसाठी जास्त पॉवरचा सेट दिला असेल, म्हणजे डोकं, टोपी, जेट आणि लागला तर व्हॉल्व्ह आणि जाळी, तर तो त्यांच्या माणसाकडून बसवून घ्या, बिनधास्त. तसा सेट नसेल तर जुन्या रेंजवर प्रयोग करू नका, पैसे साठवून पुढे रेंजच बदला. मधला रस्ता मला दिसत नाही.

रेंज बदलायची वेळ आली तर दुकानात सगळे जास्तीत जास्त पॉवरच सांगतात, तुम्ही कमीत कमी किती ते विचारा. रोज फुल आचेपेक्षा मंद आचेची गरज जास्त पडते. दोन गोल ज्योतींचा, आतली वेगळी चालणारी, असा बर्नर असेल तर एकाच बर्नरवर ३-४ किलोवॉटही मिळतात आणि ०.३-०.४ किलोवॉटवर निवांत उकळत ठेवताही येतं, असा एक असला की पुरे, चारही मोठे नकोत. तुमची भांडी डोळ्यासमोर आणा, बूड ज्योतीच्या गोलापेक्षा लहान असेल तर बाहेर जाणारी आच फक्त भांड्याचे कान आणि स्वयंपाकघर तापवते. टोपी-डोकं हातात घेऊन वजन बघा, जाड पितळ किंवा बीड जास्त टिकतं, पातळ अॅल्युमिनियम लवकर वाकतं. टोपी एकाच जागी पक्की बसते का बघा, ढिली बसणारी असेल तर आयुष्यभर त्रास. वेगळी टोपी, वेगळं डोकं पुढे सुटं मिळतं का हे पावती करायच्या आधी विचारा. थर्मोकपल प्रत्येक बर्नरला हवंच. आणि वरची चिमणी त्या पॉवरला पुरेल का, खिडकीतून ताजी हवा आत येते का, कारण ५ किलोवॉट जाळायचे तर हवाही तेवढीच लागते, आणि नीट जळणाऱ्या निळ्या ज्योतीतूनही नायट्रोजन डायऑक्साइड निघतोच.

गॅस बदलणार असाल, म्हणजे सिलिंडरवरून पाइपच्या नैसर्गिक गॅसवर किंवा उलट, तर चारही जेट बदलावे लागतात. तेवढ्याच आकारमानाच्या सिलिंडरच्या गॅसमध्ये उष्णता साधारण अडीचपट असते आणि दाबही सहसा जास्त, सिलिंडरला बऱ्याच ठिकाणी ३० मिलिबारच्या आसपास तर पाइपला २० च्या, म्हणून सिलिंडरचे जेट लहान असतात. पाइपवाले मोठे जेट तसेच ठेवून सिलिंडर लावला तर ज्योत भडकते. त्यात रेग्युलेटर आणि बारीक आचेचे स्क्रूही आले, हे काम अधिकृत माणसाचंच. रेंजच्या मागे किंवा ओव्हनच्या दाराच्या कडेला एक छोटी पट्टी असते, तिच्यावर मॉडेल नंबर, कुठल्या गॅससाठी, किती दाब हे सगळं लिहिलेलं असतं, तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

कधी गॅसचा वास आला तर आधी मागचा व्हॉल्व्ह बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेचं कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साठतो, त्यामुळे फक्त वरची खिडकी उघडून भागत नाही, खालून हवा जायला दारही उघडं हवं. आणि पिवळी ज्योत असताना घरातल्यांचं डोकं दुखतंय, गरगरतंय, मळमळतंय असं झालं असेल तर बर्नर बंद, सगळे बाहेर मोकळ्या हवेत, आणि डॉक्टरांना कार्बन मोनॉक्साइडची शंका आहे असं सांगा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, तो लावून घ्या.

तर या शनिवार-रविवारी फॉइल, सफाई, टोपी आणि पाण्याची चाचणी एवढं करा. त्यानंतरही मोठ्या बर्नरची ज्योत पिवळीच राहिली तर मेकॅनिकला बोलवा आणि तो आल्यावर "आच कमी आहे" एवढंच सांगू नका, नाहीतर तोही जेटकडेच वळेल. सांगा की एकाच बर्नरचं आहे, हळूहळू झालंय, सफाई झालीय, पाण्याला आधी एवढी मिनिटं लागायची आता एवढी लागतात. दोन-तीन बर्नर चालू ठेवून मॅनोमीटरने दाब मोजायला सांगा, आणि जेटवरचा आकडा रेंजच्या मॉडेल नंबरच्या पट्टीशी किंवा मॅन्युअलशी जुळवून बघायला सांगा, कारण आधी कोणीतरी चुकीचा जेट बसवून गेलं असेल तर ते तिथेच कळेल.